तबला काळी दोनचा होता

आधी मला आलेलं पत्र. थोडं कापलं आहे, आणि ओळख पटेल अशा खुणा काढल्या आहेत.

"मावशी, मी बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. वय ३१. आम्ही चौघं दोस्त सहा वर्षं झाली, दर शनिवारी रात्री आमच्या गच्चीवर बसतो. मी तबला वाजवतो, एक जण पेटी धरतो, एक जण चहा करतो आणि ऐकतो, आणि चौथा गातो. तो मूळचा बैलहोंगलकडचा. घरी कानडी, पण अभंग गायला लागला की आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या दारात येऊन बसतात. खायला काहीतरी मी करतो, बहुतेक कुकरमधला रव्याचा केक. आमच्यात मराठी-कानडी कोट्या फार चालतात. केक झाला की तो ओरडतो 'केक बेक?' (केक पाहिजे काय?) आणि मी म्हणतो 'केक बेक केलाय की!' तसंच गाण्याचं. कानडीत 'हाडु' म्हणजे गा. आम्ही त्याला 'हाडु हाडु' म्हणतो आणि लगेच कुणीतरी कुत्रं हाकलल्यासारखं 'हाड हाड' करतो. ही कोटी त्यानंच काढलेली आहे, मावशी, हे लक्षात घ्या. यंदा गणपतीत आमच्या गल्लीत कार्यक्रम होता. माझा काळी एकच्या पट्टीतला तबला पुडी बदलायला दिलेला, म्हणून काळी दोनमध्ये गायलो. शेवटच्या अभंगात वर जाताना त्याचा आवाज फाटला. निवेदन माझ्याकडंच होतं. मी माईकवर म्हटलं, 'आम्ही ह्याला हाडु म्हटलं, ह्याच्या गळ्यानं हाड ऐकलं!' लोक लई हसले. तोही हसला. कुणीतरी क्लिप काढून ग्रुपवर टाकली. त्यानंतर चार शनिवार तो आला नाही. फोन केला की 'काम आहे मर्दा' म्हणतो. मग ग्रुपमधून बाहेर पडला. कोटी त्याचीच, मग राग कशाचा? दोस्तांत एवढं मनावर घ्यायचं असतं काय? केक करून धाकट्या भावाबरोबर पाठवू म्हणतोय. आणि जाता जाता एक विचारतो. माझा केक दर वेळी मधोमध खचतो, ते कशानं?"

अरे, तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू अगदी घाईत लिहून पुढं गेलास. मी मात्र तिथंच अडकले. "तबला पुडी बदलायला दिलेला, म्हणून काळी दोनमध्ये गायलो." तू गायला नाहीस, बाबा. तो गायला.

मी चाळीस वर्षं शहापुरात मुलांना गाणं शिकवलं, म्हणून मला हे सोडवत नाही. सहा वर्षं त्याचा गळा काळी एकच्या घरात राहिला आहे. तिथल्या पायऱ्या त्याला अंधारातही सापडतात. काळी एक ते काळी दोन म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीवरून दुसरीवर, अख्खा एक स्वर वर. खाली, मध्य सप्तकात हा फरक कुणाच्या ध्यानातही येत नाही, पहिला तासभर तर गाणाऱ्याच्याही येत नाही. पण शेवटच्या अभंगात तार गंधार लावायची वेळ आली, तेव्हा त्याच्या गळ्याला जो स्वर लावावा लागला तो त्याच्या रोजच्या पट्टीतला तीव्र मध्यम होता, म्हणजे सवयीच्या गंधारापेक्षा अख्खा स्वर वर. दोन तास गाऊन झाल्यावर, गर्दीच्या आवाजात, बहुधा नीट मॉनिटरही नसताना. आवाज फाटला नसता तरच नवल होतं.

त्याला 'नाही' म्हणता आलं असतं. तबल्याचा सूर खाली उतरवला की तो नीट बोलत नाही हे तुलाही ठाऊक आहे, त्यालाही. पण गल्ली तुझी, मंडप तुझा, लोक तुझे. दोस्ताच्या तबल्यासाठी त्यानं आपली पट्टी सोडली. आणि ज्या स्वरावर त्याला त्याची किंमत मोजावी लागली, नेमक्या त्याच स्वरावर तू माईक उचललास.

हे तू जाणूनबुजून केलंस असं मी म्हणत नाही. तुझ्या डोक्यात हे आलंच नसेल. पण त्याच्या डोक्यात चार शनिवार हेच फिरत असणार, आणि फोनवर ते सांगणं त्याला जमणार नाही. "तुझ्या तबल्यामुळं माझा आवाज गेला" असं कुठला दोस्त म्हणेल? म्हणून तो "काम आहे मर्दा" म्हणतो.

आता कोटीचं. त्याचीच कोटी, मग राग कशाचा, असं तू विचारतोस. गच्चीवर ती कोटी चौघांची होती. तिथं 'हाडु' म्हणजे काय हे चौघांनाही माहीत, आणि 'हाड' म्हणणाऱ्यालाच पुढच्या क्षणी "गा रे बाबा" म्हणायचं असतं हेही माहीत. मंडपात बसलेल्यांपैकी किती जणांना तो खेळ माहीत होता? त्यांनी एवढंच पाहिलं की एका कानडी माणसाचा आवाज फाटला आणि माईकवरून कुणीतरी 'हाड' म्हटलं. हसणारे लोक वाईट नव्हते. पण ते तुमच्या कोटीला हसत नव्हते, त्यांना कोटी कळलीच नव्हती. ते त्याला हसत होते.

आणि हे कुठं घडलं तेही बघ. आपलं बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ ला तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. त्यानंतर दुकानावरची पाटी कुठल्या लिपीत, अर्ज कुठल्या भाषेत, शाळा कुठल्या माध्यमाची, यावरून आपण किती बंद पाहिले, किती रात्री घरातली माणसं परत येईपर्यंत जागून काढल्या. मराठी माणसाच्या मनात इथं एक दुखरी जागा आहे आणि ती मला तुझ्याइतकीच कळते. पण दुखरी जागा त्याच्याकडंही असू शकते, हे आपण विसरतो. आपल्या भाषेतला 'गा' हा शब्द, गणपतीच्या मंडपात, शंभर माणसांसमोर, कुत्र्याला म्हणायच्या शब्दात मिसळून परत आला, तर त्याच्या जागी तुला काय वाटलं असतं? हे उलटं करून बघ. बैलहोंगलच्या जत्रेत तू तबल्यावर चुकलास आणि तुझ्या मराठीवर त्यानं माईकवरून असं काही म्हटलं, असं समज. तोंडावर हसला असतास. रात्री झोप लागली असती काय?

आणखी एक गोष्ट, कदाचित तुझ्या कधी लक्षात आली नसेल. आपल्या मराठीत 'च', 'ज' आणि 'झ' दोन तऱ्हेनं उच्चारतात. 'चोर' मधला च वेगळा आणि 'चिंच' मधला पहिला च वेगळा. 'जग' मधला ज वेगळा, 'जीव' मधला वेगळा. कानडीत हा भेद नाही. कानडी घरातलं मूल अभंग शिकायला आलं की 'माझा' या शब्दावर मी महिनाभर बसते. तुझा दोस्त अभंग म्हणतो आणि दारात बसलेल्या म्हाताऱ्यांना तो परका वाटत नाही, याचा अर्थ त्यानं हे कुठंतरी एकट्यानं घोटलेलं आहे. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. आता तू सांग, कानडीत ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए, ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ वेगळे असतात, ते तुला तोंडानं करता येतात काय? सहा वर्षांत त्याचं एखादं वचन, म्हणजे आपल्या अभंगासारखं कानडी भक्तिपद, तू त्याच्या मागं म्हणून बघितलंस काय? बोल लावायला हे लिहीत नाही. या दोस्तीत कुणाचं किती चालणं झालंय ते एकदा मोजून बघावं, म्हणून लिहिते.

मी हे एवढं ठामपणानं का बोलते तेही सांगते. सतरा वर्षांची असताना एका संमेलनात मी गायला बसले. सर्दीनं घसा धरला होता. दुसऱ्याच आलापाला आवाज घोगरा झाला. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ विनोदी बोलण्याबद्दल प्रसिद्ध होते. ते म्हणाले, "आवाज बसला आहे, आता गायिकेनंही बसावं." मी बसलेलीच होते, म्हणून लोकांना ते अधिकच मजेशीर वाटलं. मग मीही हसले. तुझ्या दोस्तासारखीच. लोकांसमोर हसण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही. पुढं चार वर्षं मी लोकांसमोर गायले नाही. घरी रियाज करतानाही आधी खिडकी लावून घ्यायची.

ते गृहस्थ आठ दिवसांनी आमच्या घरी आले होते. पेढ्यांचा पुडा घेऊन. माझ्या वडिलांच्या हातात त्यांनी पुडा दिला, पावसाबद्दल बोलले, चहा प्याले आणि गेले. मी आतल्या खोलीत दाराला टेकून उभी होते. ते एक वाक्य बोलतील म्हणून वाट बघत होते. पेढे चांगले होते, असं घरात सगळे म्हणाले. मी खाल्ले नाहीत.

म्हणून तुझा केक धाकट्या भावाबरोबर पाठवायचा नाही. केक बोलत नाही. पाठवलेला केक समोरच्यावर उलट ओझं टाकतो. आता हा खायचा की परत पाठवायचा? खाल्ला तर मिटलं असं समजतील काय? डबा परत करायला कुणी जायचं? माफी तुझी आहे, तिचा हिशेब त्याच्या स्वयंपाकघरात सोडू नकोस.

स्वतः जा. एकटा जा, पेटीवाल्याला किंवा चहावाल्याला बरोबर घेऊ नकोस. त्याची सुट्टी असेल त्या सकाळी जा, रात्री नको. आणि दारात उभा असतानाच, 'ऊटा आयता?' (जेवण झालं काय?), पाऊस, क्रिकेट यातलं काहीही सुरू व्हायच्या आधी बोल. तीन गोष्टी बोलायच्या आहेत. तबला माझा होता, तू माझ्यासाठी वर गायलास. तुझा आवाज फाटला त्या वेळी मी तुला सावरायला पाहिजे होतं, मी माईक घेतला. आणि आपली कोटी मी परक्यांच्या हातात दिली. एवढंच. "पण तूही हसलास", "पण कोटी तुझीच होती", "गंमत केली होती" यातलं एक अक्षरही जोडू नकोस. 'पण' आला की माफी संपते आणि वाद सुरू होतो.

निदान पहिलं वाक्य कानडीत बोल. 'तप्पायतु' म्हण. चुकलं, एवढाच त्याचा अर्थ. उच्चार थोडा वाकडा झाला तरी चालेल. आणि एक सावधगिरी सांगते, कारण तुझी जीभ मी पत्रावरून ओळखली आहे. कानडीत तुपाला 'तुप्प' म्हणतात आणि चुकीला 'तप्पु'. तू तूप घेऊन गेलास तर एका उकाराच्या अंतरावरची ही कोटी तुझ्या ओठांवर येणारच. मला स्वतःलाही ती सुंदर वाटते. तरी त्या दिवशी गिळ. पुढं कधीतरी तो स्वतः काढेल, तेव्हा टाळी दे.

क्लिपचं काम आधी कर. ज्यानं टाकली त्याला स्वतः भेटून काढायला लाव. सगळ्यांच्या फोनमधून ती जाणार नाही, तसं वचन दोस्ताला देऊ नकोस. फक्त "मी काढायला लावली" असं सांग. आणि त्याला विचार की गल्लीतल्या लोकांना, त्या ग्रुपवर, मी काही सांगावं असं तुला वाटतं काय? चूक शंभर माणसांसमोर झाली, तिची माफी चार भिंतींत संपली तर ती अर्धी राहते असं मला वाटतं. पण परत चारचौघांत विषय काढणं त्यालाच नको असेल. ते त्यानं ठरवायचं. "हवं" म्हणाला तर ग्रुपवर दोन ओळी लिही : त्या दिवशी पट्टी आमच्यामुळं चढी होती, आणि मी जे बोललो ते बोलायला नको होतं. हसरी चित्रं नकोत.

"शनिवारी ये" असं मात्र त्याला म्हणू नकोस. एवढं झालं की लगेच सगळं पूर्वीसारखं व्हावं असं आपल्याला वाटतं, ते आपल्या सोयीसाठी. तो आला तर गायलाच पाहिजे असंही नाही. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले, घरी कानडी बोलणारे गायक कुमार गंधर्व क्षयानं आजारी पडले तेव्हा काही वर्षं गाऊ शकले नाहीत. देवासला पडून ते माळव्यातली बायाबापड्यांची गाणी ऐकत राहिले आणि पुढं त्यातूनच त्यांच्या गाण्याला नवी वाट फुटली. तुझा दोस्त आजारी नाही आणि मला त्याची तुलना करायची नाही. एवढंच सांगायचंय की गाणारा गप्प असतो तेव्हाही तो ऐकत असतो. त्याला पहिले काही शनिवार नुसतं बसू दे. चहा करू दे. तुम्ही तिघं वाजवा.

आणि जमलं तर त्याला सांग, मला कानडी संत बसवण्णांचं एक वचन शिकव. तू शिष्य हो, तो चुका काढू दे. गायक मल्लिकार्जुन मन्सूर वचनं गात, ती मिळवून आधी कान तयार कर. ऱ्हस्व 'ए' ला तू अडखळशील तेव्हा त्याला हसू येईल. येऊ दे.

मग काय कोट्या बंद करायच्या? हे तू विचारलेलं नाहीस, पण पत्राच्या सुरात ते आहे, म्हणून सांगते. बंद करू नकोस! ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला 'कानडा' म्हटलं आणि 'कर्नाटकु' म्हटलं. कानडा म्हणजे कर्नाटकातला, आणि कानडा म्हणजे ज्याचा थांग लागत नाही असा. कर्नाटकु म्हणजे त्या देशीचा, आणि नाटक करणारा, खेळ दाखवणारा. सातशे वर्षांहून अधिक काळ आपण ती कोटी गातो, आणि ज्याच्यावर केली तो विटेवरून उतरला नाही. का? तिच्यात हाकलणं नाही, ओढून घेणं आहे. तुमची 'केक बेक' वाली कोटी त्याच जातीची आहे. दोन भाषांनी एकमेकींच्या ताटात हात घालावा तशी. आमच्या शेजारच्या अक्कांना माझी आई विचारायची, "काय हाल आहेत?" आणि अक्का म्हणायच्या, "हाल आहे, मोसरू नाही." म्हणजे दूध आहे, दही नाही. रोज सकाळी तेच, आणि रोज दोघी तितक्याच हसायच्या. आपल्या भागात असं वाढणं हे भाग्य आहे. तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा, किल्ली हे शब्द आपण कानडीतून घेतले आणि विसरूनही गेलो.

तू तबलजी आहेस म्हणून तुझ्याच भाषेत बोलते. तीनतालात सोळा मात्रा, त्यात टाळ्या तीन, पहिलीला, पाचवीला, तेरावीला. नववीला खाली. तिथं हात फिरवायचा, वाजवायचा नाही. टाळी कुठं द्यायची हे शिकायला एक महिना लागतो, खाली सांभाळायला जास्त. त्याचा आवाज फाटला ती जागा खालीची होती. एखादा तुकडा वाजवून, समेवर आणून तू त्याला झाकू शकला असतास, लोकांना कळलंही नसतं. साथीदाराचं ते कामच आहे. चांगला तबलजी गायकाचा श्वास संपलेला ओळखतो. पुढच्या वेळी मंडपात बसशील तेव्हा निवेदन दुसऱ्याकडं दे. दोन्ही हात डग्ग्या-तबल्यावर असले की माईक उचलला जात नाही.

आता केक. हा प्रश्न तू जाता जाता विचारलास, पण मला तोही तितक्याच मनापासून सोडवायचा आहे, कारण दर शनिवारी कुणीतरी दोस्तांसाठी केक करतं ही गोष्टच मला फार आवडली.

ओतकामात तू बघतोस की बाहेरची बाजू आधी आळते, मधला रस मागं राहतो आणि आकसताना तिथं खड्डा पडतो. केकचं कारण थोडं वेगळं, पण जागा तीच : मध्य सगळ्यात शेवटी शिजतो. सोड्याच्या बुडबुड्यांनी पीठ वर चढतं. ते वर असतानाच रव्याची भिंत आळली पाहिजे. आळायच्या आधी बुडबुडे फुटले की वरचं सगळं खाली बसतं. पत्राच्या कापलेल्या भागात तू 'एक चमचा सोडा' लिहिलं आहेस, ते फार झालं. जास्त सोड्यानं केक भराभर फुगतो आणि तितक्याच भराभर पडतो, वर जिभेवर साबणासारखी चव राहते. दुसरं, तू सोडा घालून पीठ अर्धा तास मुरत ठेवतोस. दह्याची आंबटी लागली की सोडा तिथंच काम सुरू करतो. अर्ध्या तासानं भांडं कुकरमध्ये जातं तेव्हा त्याचा जोर संपलेला असतो. तिसरं, तू झाकण उघडून बघत असणार. सगळेच बघतात.

असं कर. बारीक रवा दोन वाट्या, पिठीसाखर एक वाटी, दही एक वाटी, तूप अर्धी वाटी, आणि दूध लागेल तसं, साधारण एक वाटी. चिमूटभर मीठ. हे सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेव, रवा दूध पिऊन फुगतो. मुरल्यावर पीठ घट्ट वाटलं तर चमचा-दोन चमचे दूध अजून. तोवर जाड बुडाच्या जुन्या कुकरमध्ये तळाला मिठाचा थर, वर जाळी ठेवून, रिंग आणि शिट्टी काढून, पाण्याशिवाय दहा मिनिटं मध्यम आचेवर तापव. रोजच्या वरणभाताचा कुकर यासाठी वापरू नकोस, कोरड्या तापानं तो खराब होतो. आता पिठात एक लहान चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घाल, एकाच दिशेनं हलक्या हातानं मिसळ, तूप लावलेल्या भांड्यात ओत आणि लगेच आत. आच अगदी मंद. पस्तीस मिनिटं झाकणाला हात लावायचा नाही. कानडीत 'ताळु' म्हणतात, म्हणजे थांब, धीर धर. मग मधोमध सुरीचं टोक घालून बघ. ओलं लागलं तर आणखी दहा मिनिटं. उतरवल्यावर भांड्यातच निवू दे.

हा केक तुझ्या शनिवारसाठी. दोस्ताकडं जाताना मात्र केक नकोच, तयार काहीच नको. तुझ्या घरी जुनी माणसं असतील तर विचार, दिवाळीच्या आधी आपल्याकडं नानखटाई कशी व्हायची. घरी तूप-साखर फेसायची, पीठ घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं, पत्र्याच्या ट्रेवर आपणच गोळे मांडायचे आणि भट्टीवाला लांब दांड्यानं ट्रे आत सरकवायचा. दोन-तीन घरांचं पीठ एका ट्रेवर जायचं. कुणाचं कुठलं ते ओळखायला कुणी बदामाचा काप लावायचं, कुणी चारोळी. वाट बघत तासभर बाकावर बसायचं. शेजारपाजारचे अबोले त्या बाकावर सुटलेले मी पाहिले आहेत, कारण तिथं करण्यासारखं दुसरं काही नसायचं.

भट्टी मिळाली नाही तरी हरकत नाही, त्याच कुकरमध्ये किंवा जाड कढईत होते. एक वाटी घट्ट तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, दोन चमचे बेसन, चिमूटभर सोडा. तूप पातळ करायचं नाही. आपल्याकडच्या थंडीत ते दाणेदार बसतं तसंच घ्यायचं आणि साखर घालून तळहातानं फेसायचं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत. दहा-पंधरा मिनिटं लागतात, एका माणसाचा हात भरून येतो. म्हणून दोघं लागतात. पाणी अजिबात नाही. गोळे लांब लांब ठेव, पसरतात. मंद आचेवर वीस मिनिटं. काढताना मऊ लागतात, कच्ची राहिली असं वाटून परत आत ठेवू नकोस. निवल्यावर खुसखुशीत होतात.

तर त्या सकाळी जे बोलायचं ते आधी बोल. त्यानं आत बोलावलं, तरच पिशवी उघड. पिशवीत तूप, साखर, मैदा, बेसन ने. वेलदोडे नेऊ नकोस. त्याची आई, जिला तू अव्वा म्हणतोस, सगळ्यात एलक्की घालते आणि तिचा डबा कायम भरलेला असतो असं तूच पत्रात लिहिलं होतंस, मी ते कापलं. तिच्याकडं जा आणि चार वेलदोडे माग.

तुझी मावशी